एचटीटीपीएस जोडणी व्हायलाच जवळजवळ एक सेकंद: सर्टिफिकेटची फाईल, कॉन्फिग की सर्व्हरच?

घाटमाथा

एका सहकारी पतसंस्थेचं सभासद-पोर्टल सांभाळायला घेतलंय. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) न्यूयॉर्कला आणि सभासद जवळजवळ सगळे सातारा-सांगलीकडचे. १ व्हीसीपीयू, २ जीबी रॅम, उबुंटू २२.०४, त्याच्याच रेपॉझिटरीतलं एनजिनएक्स १.१८, ओपनएसएसएल ३.०.२, मागे पीएचपी-एफपीएम. दुखणी तीन आहेत. मूळ एकच आहे की वेगवेगळी, तेच कळत नाहीये.

पहिलं, संथपणा. पुण्यातून कर्लचा राइट-आउट पर्याय लावून घेतलेले आकडे असे (सेकंदांत, सगळे सुरुवातीपासून मोजलेले; अनुक्रमे नाव शोधणं, टीसीपी जोडणी, टीएलएस हँडशेक म्हणजे एन्क्रिप्शनची सुरुवातीची बोलणी, आणि पहिला बाइट येईपर्यंत):

नेम-लुकअप ०.०११
कनेक्ट ०.२३२
ॲप-कनेक्ट ०.९२०
स्टार्ट-ट्रान्सफर १.१७८

पुन्हा पुन्हा चालवलं तरी फरक पाच-दहा मिलिसेकंदांचाच.

दुसरं, हप्ता भरल्याची वेबहुक (आपोआप जाणारी सूचना) पाठवणारी भागीदार कंपनीची प्रणाली जावावर आहे. तिचा आमच्याशी हँडशेकच पुरा होत नाही. ते म्हणतात तुमचं सर्टिफिकेट खराब आहे. ब्राउझरमध्ये मात्र सगळं ठीक दिसतं.

तिसरं, घरच्या ब्रॉडबँडवरून येणाऱ्या काही सभासदांना पान उघडतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं. तोच माणूस मोबाइल डेटावर गेला की लगेच उघडतं.

सर्टिफिकेट विकतचं, आरएसए ४०९६. विक्रेत्याने झिपमध्ये पाठवलेल्या सगळ्या फाईली एकाखाली एक चिकटवलेल्या दिसतात. एकूण ३० केबी. कॉन्फिगमध्ये टीएलएस १.२ आणि १.३ दोन्ही चालू, ईसीडीएच कर्व्ह (की ठरवण्याचं गणित) फक्त सेकपी३८४आर१, डीएच-पॅरम (जुन्या डीएचई पद्धतीसाठी) ४०९६, स्टेपलिंग (सर्टिफिकेट रद्द नाही असा ओसीएसपी दाखला सोबत पाठवणं) चालू, सेशन कॅशची (आधीची जोडणी लक्षात ठेवण्याची) ओळच नाही. सीपीयू पाच टक्क्यांच्या वर जात नाही, तरी होस्टिंगवाले मोठा प्लॅन घ्या म्हणतायत. घ्यावा का?

कळफलक

४०९६ ची की कशाला हवी? २०४८ करा. सही करायला ४०९६ ला सहा-सात पट वेळ लागतो. डीएच-पॅरम आणि डीएचई सायफर दोन्ही काढून टाका, आजच्या कुठल्याही क्लायंटला त्यांची गरज नाही. स्टेपलिंग खरंच चालतंय का तेही बघा. रॅमचा संबंध नाही, पैसे वाचवा.

पॅकेटपारखी

प्लॅन घेऊ नका याला दुजोरा. पण कीच्या लांबीने इथे फार हाती लागणार नाही. आधी आकड्यांची फोड करू.

कनेक्ट वजा नेम-लुकअप म्हणजे ०.२२१. टीसीपीची एक फेरी (पॅकेट जाऊन उत्तर येणं) एवढ्यात होते. पुणे-न्यूयॉर्क अंतराला हे योग्यच. ॲप-कनेक्ट वजा कनेक्ट म्हणजे ०.६८८. त्यात ०.२२१ च्या तीन फेऱ्या नेमक्या बसतात (०.६६३) आणि उरतात २५ मिलिसेकंद. सर्व्हरचं आणि क्लायंटचं सगळं गणित त्या पंचविसात आलं. की २०४८ केली तर त्यातले काही वाचतील, बस. स्टार्ट-ट्रान्सफरमध्ये आणखी एक फेरी आणि पीएचपीचे ३७ मिलिसेकंद. म्हणजे पीएचपीही निर्दोष.

प्रश्न असा की टीएलएस १.३ ला हँडशेकसाठी एकच फेरी पुरते, मग तुमच्याकडे तीन कुठून आल्या? माझा संशय दोन ठिकाणी आहे.

एक, तो एकटा सेकपी३८४आर१, म्हणजेच पी-३८४. टीएलएस १.३ मध्ये क्लायंट पहिल्याच संदेशात अंदाजाने आपली की-शेअर (दोघांची की बनवण्यासाठीचा आपला भाग) पाठवतो. ओपनएसएसएलवरचं कर्ल ती एक्स२५५१९ ची पाठवतं, क्रोमही तीच पाठवतो (सोबत नवी पोस्ट-क्वांटम शेअरही असते). तुमचा सर्व्हर म्हणतो, ही चालत नाही, पी-३८४ ची दे. याला हेलो-रिट्राय-रिक्वेस्ट म्हणतात आणि त्यात अख्खी एक फेरी वाया जाते. त्यावर कडी म्हणजे ओपनएसएसएलमध्ये पी-२५६ साठी हाताने घासूनपुसून लिहिलेली असेंब्ली आहे, पी-३८४ त्या मानाने कितीतरी मंद. असली कॉन्फिगं एसएसएल लॅब्जच्या चाचणीत की एक्स्चेंजला शंभरपैकी शंभर मिळवण्यासाठी केलेली असतात. त्या गुणांचा सभासदाला काडीचा उपयोग नाही.

तपासायला सोपं आहे. कर्लला कर्व्हज पर्यायात पी-३८४ द्या, म्हणजे ते पहिल्याच संदेशात तीच शेअर पाठवेल. ॲप-कनेक्ट एका फेरीने खाली आला तर निदान पक्कं. किंवा ओपनएसएसएल एस-क्लायंटला एमएसजी पर्याय लावा. क्लायंट-हेलो दोनदा गेलेला दिसेल.

दोन, ती ३० केबीची फाईल. पेम या मजकुरी फाईलीतलं बेस-६४ उतरवलं तरी तारेवर साधारण २२ केबी जातात. लिनक्स नव्या जोडणीवर पोच येण्याआधी १० सेगमेंट (टीसीपीचे तुकडे) सोडतो, म्हणजे १४ केबीच्या आसपास. उरलेलं पाठवायला क्लायंटची पोच यावी लागते. झाली तिसरी फेरी. फाईलमध्ये किती सर्टिफिकेटं आहेत ते ग्रेपला मोजायला लावून ‘बिगिन सर्टिफिकेट’ शोधा आणि आकडा इथे टाका. दोन किंवा तीन असायला हवीत.

घाटमाथा

मोजली. १४ निघाली! एस-क्लायंटमध्ये शो-सर्ट्स लावून एकेकाचं सब्जेक्ट आणि इश्युअर पाहिलं. पहिलं आमचं, दुसरं-तिसरं इंटरमीजिएट (मधला दुवा), चौथं रूट (साखळीचं मूळ). उरलेल्या दहांचा आमच्याशी काहीच संबंध नाही, त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या प्रकारच्या सर्टिफिकेटांचे इंटरमीजिएट आणि रूट आहेत.

कर्व्हज पर्यायात पी-३८४ दिल्यावर ॲप-कनेक्ट ०.६९६. एक फेरी गेली.

पण एनजिनएक्सने इतका कचरा चालवून कसा घेतला?

पॅकेटपारखी

कारण तो फक्त पहिलं सर्टिफिकेट खाजगी कीशी जुळतं का एवढंच बघतो. नाही जुळलं तर ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणून सुरूच होत नाही. दुसऱ्यापासून पुढे जे काही असेल ते जसंच्या तसं क्लायंटला पाठवून देतो; क्रम, नातं, मुदत काही तपासत नाही.

फाईलमध्ये पहिली तीनच ठेवा. चौथं रूटही काढा. ते क्लायंटच्या स्वतःच्या साठ्यात असतंच. तुम्ही पाठवलेल्या रूटवर तो विश्वास ठेवत नाही, मग ते बाइट कशाला वाहून न्यायचे?

कर्व्हच्या ओळीत एक्स२५५१९, प्राइम२५६व्ही१ आणि सेकपी३८४आर१ अशी तिन्ही नावं याच क्रमाने, मध्ये कोलन देऊन. इथे एक खाचखळगा आहे. एकाच पोर्टवर अनेक सर्व्हर ब्लॉक असले तर कर्व्ह आणि प्रोटोकॉल डीफॉल्ट ब्लॉकचे लागू होतात. तुम्ही दुसऱ्याच ब्लॉकमध्ये बदल करत बसाल आणि फरक दिसणार नाही. म्हणून या ओळी वरच्या एचटीटीपी ब्लॉकमध्ये एकदाच लिहा, बाकीच्या ठिकाणच्या पुसा. एनजिनएक्सला मोठ्या टी पर्यायाने चालवलं की सगळ्या इन्क्लूड फाईलींसकट अख्खं कॉन्फिग एकत्र छापून मिळतं, त्यात शोधा. मग छोट्या टीने तपासणी, मग रीलोड.

सेशन कॅशही द्या: शेअर्ड, १० एमबी. एका एमबीत सुमारे ४००० सेशन बसतात, म्हणजे तुम्हाला दहाही जास्तच. टाइमआउट मुळात ५ मिनिटांचा असतो, तो एक तास करा. टीएलएस १.२ च्या क्लायंटची यात एक फेरी वाचते. १.३ मध्ये फेरी तेवढीच राहते, पण सर्टिफिकेट पाठवणं आणि सही करणं टळतं.

जावाकर

दुसऱ्या दुखण्याचं मूळही त्या १४ मध्येच आहे. जावा क्लायंट समोरून आलेल्या साखळीत १० पेक्षा जास्त सर्टिफिकेटं असली तर हँडशेक तोडतो. मॅक्स-सर्टिफिकेट-चेन-लेंग्थ ही त्याची सिस्टिम प्रॉपर्टी, मूळ किंमत १०. भागीदारांच्या लॉगमध्ये ‘सर्टिफिकेट चेन लेंग्थ १४ एक्सीड्स द मॅक्सिमम’ अशा अर्थाची ओळ असणार, मागून घ्या. ब्राउझरला ही मर्यादा नाही, म्हणून तिथे कुलूप बंद दिसतं.

आता साफसफाई करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. इंटरमीजिएटही उडवून फक्त स्वतःचं सर्टिफिकेट ठेवलं तर जावा ‘पीकिक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ म्हणेल. क्रोम सर्टिफिकेटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावरून हरवलेलं इंटरमीजिएट स्वतः आणतो, फायरफॉक्सकडे माहितीतली इंटरमीजिएट आधीच असतात. जावा आणि कर्ल मुळात असं काही करत नाहीत. शिवाय क्रोमने ते आणलं तरी त्यासाठी वेगळी जोडणी, वेगळ्या फेऱ्या. म्हणजे अपुरी साखळी चालून जाते तिथेही उशीर करतेच.

भागीदार म्हणतील की तुमचं सर्टिफिकेट आम्ही आमच्या कीस्टोअरमध्ये (जावाच्या विश्वासाच्या साठ्यात) टाकतो. नको म्हणा. पुढच्या नूतनीकरणाला तेच पुन्हा तुटेल, तेही बहुधा शनिवारी रात्री.

तारतम्य

तिसरं दुखणं वेगळं आहे, साखळी छोटी केली तरी ते पूर्ण जाईलच असं नाही.

घरच्या फायबर-ब्रॉडबँडवर बऱ्याच ठिकाणी पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असतं. त्यात ८ बाइट जातात, म्हणून एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १५०० ऐवजी १४९२. घरच्या राउटरने टीसीपीचं एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल मजकूर) १४६० वरून १४५२ वर आणून द्यायला हवं. काही राउटर ते करत नाहीत. मग तुमचा सर्व्हर १५०० चे पॅकेट सोडतो, वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि ‘तुकडे करावे लागतील’ असा आयसीएमपी निरोप तुमच्याकडे पाठवतो. तुमच्या फायरवॉलने ‘सुरक्षेसाठी’ सगळं आयसीएमपी बंद केलं असेल तर तो निरोप पोचतच नाही. सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

टीसीपी जोडणी आणि क्लायंट-हेलो निघून जातात, कारण ती पॅकेटं सर्व्हरकडून येणारी मोठी नसतात. सर्व्हरकडून येणारं पहिलं भरगच्च पॅकेट म्हणजे सर्टिफिकेट. म्हणून नेमकं तिथेच अडतं आणि लोकांना वाटतं की सर्टिफिकेटमध्ये दोष आहे.

खात्री करायची तर अडलेल्या सभासदाला पान उघडायला सांगा आणि तेव्हा सर्व्हरवर टीसीपीडंप (पॅकेटं टिपणारी कमांड) लावून त्याचा आयपी बघा. क्लायंट-हेलोनंतर त्याच सीक्वेन्स नंबरचं पूर्ण लांबीचं सेगमेंट परत परत जाताना दिसेल, मधली विश्रांती दरवेळी दुप्पट होत जाईल. दिसलं की निदान झालं.

उपाय: फायरवॉलमध्ये आयसीएमपी टाइप ३ कोड ४ आत येऊ द्या. व्हीपीएसच्या आतली फायरवॉल आणि होस्टिंगच्या पॅनेलमधली अशा दोन्हीकडे बघा, दुसरी लोक विसरतात. आयपीव्ही६ चालू असेल तर तिथे ‘पॅकेट टू बिग’, म्हणजे आयसीएमपीव्ही६ टाइप २. जोडीला सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) टीसीपी एमटीयू प्रोबिंग १ करा. निरोप आलाच नाही तर कर्नल स्वतः लहान पॅकेट पाठवून बघतो. पण तो काही टाइमआउट झाल्यावरच जागा होतो, म्हणजे पहिले काही सेकंद जातात. त्यामुळे हा राखीव गडी, खरा उपाय आयसीएमपी.

इंटरनेटवर जागोजागी आयपीटेबल्सचा ‘क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू’ नियम सांगितलेला सापडेल. तो राउटरसाठी आहे. तुमच्या सर्व्हरवर लावला तर बाहेर जाणाऱ्या सिन-ॲकमधलं एमएसएस बदलतं, म्हणजे समोरच्याने तुम्हाला किती मोठं पाठवावं ते. अडचण उलट्या दिशेची आहे. तातडीने चाचणीच घ्यायची तर सर्व्हरच्या इंटरफेसचा एमटीयू १४४० करून बघा.

कळफलक

पॅकेटपारखींचा हिशोब पटला. मी उलटीकडून सुरुवात केली होती.

विकतचं सर्टिफिकेट पुढे चालू ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या. सीए/ब्राउझर फोरमच्या ठरावाप्रमाणे सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. झिप उघडून हाताने चिकटवण्याचे दिवस संपत आलेत. आत्ताच लेट्स एन्क्रिप्ट (फुकट, आपोआप मिळणारं सर्टिफिकेट) लावून मोकळे व्हा.

उबुंटू २२.०४ च्या एपीटीमधलं सर्टबॉट (ते सर्टिफिकेट मिळवणारा प्रोग्राम) १.२१ आहे, ते न सांगता आरएसए २०४८ काढतं. स्नॅपमधलं घ्या, २.० पासून मुळातच ईसीडीएसए पी-२५६ (आरएसएऐवजीची छोटी की) मिळतं. एपीटीचं असेल तर आधी काढा, दोन्ही ठेवले की दोन टायमर एकाच कामासाठी धडपडतात. पी-२५६ ची सही आरएसए ४०९६ च्या कैक पट झटपट होते आणि साखळी चार-पाच केबीत बसते.

पद्धत वेबरूट (पडताळणीची फाईल आपल्याच वेब फोल्डरमध्ये ठेवणं) ठेवा. ८० पोर्ट उघडा हवा, ४४३ वर पुनर्निर्देशन असलं तरी चालतं. डॉट-वेल-नोनखालचा ॲक्मी-चॅलेंज फोल्डर मात्र पीएचपीकडे जाऊ देऊ नका, त्यासाठी वेगळा लोकेशन ब्लॉक. डीएनएसमध्ये दोन गोष्टी बघा. सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारा) असेल तर त्यात सध्याच्या विक्रेत्याचंच नाव असणार, लेट्स एन्क्रिप्टचं घाला. आणि जुना क्वाड-ए रेकॉर्ड भलत्याच आयपीव्ही६ पत्त्यावर बोट दाखवत असेल तर काढा. पडताळणी आधी आयपीव्ही६ वर होते. तिथे दुसऱ्याच कुणाचा सर्व्हर ४०४ देत बसला असेल तर सर्टिफिकेट मिळणार नाही. सभासदांनाही त्या मेलेल्या पत्त्यामुळे उशीर होतोच.

पहिल्यांदा ड्राय-रन (रंगीत तालीम). त्याच नावांचं सर्टिफिकेट सात दिवसांत पाचदाच मिळतं, चुकत-माकत त्यांच्या खऱ्या सर्व्हरवर प्रयोग केले की वाट बघत बसावं लागतं.

कॉन्फिगमध्ये लाइव्ह फोल्डरमधलं फुलचेन डॉट पेम द्या. तिथे सर्ट डॉट पेम पण दिसेल, त्यात इंटरमीजिएट नसतं. जावाकर म्हणतात तो घोळ बहुतेक जागी त्यानेच होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: वेबरूटने नूतनीकरण झालं तरी एनजिनएक्सच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट राहतं. रिन्यूअल-हुक्सच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये एनजिनएक्स रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट टाका आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. परवानगी राहिली तर ती गुपचूप वगळली जाते. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, तेव्हा बाहेरून मुदत तपासणारा मॉनिटर स्वतः लावा. डिस्कवरची फाईल वाचणारा नको, ४४३ वर जोडून बघणारा हवा.

स्टेपलिंगचं मी वर म्हणालो ते तुमच्या आत्ताच्या सर्टिफिकेटपुरतं. लेट्स एन्क्रिप्टने ओसीएसपी ६ ऑगस्ट २०२५ ला बंदच केलं. त्या ओळी ठेवल्या तर एनजिनएक्स दर रीलोडला इशारा छापतो, काढून टाका.

जावाकर

एक जोड. भागीदारांचं जावा ८ असेल तर ८यू१४१ किंवा पुढचं आहे ना विचारा, आयएसआरजी रूट एक्स१ (लेट्स एन्क्रिप्टचं रूट) तिथून पुढे आहे. आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन सप्टेंबर २०२४ पासून हे रूट ओळखत नाहीत. त्या फोनवर फायरफॉक्सची जुनी आवृत्ती चालते, तिचा साठा स्वतःचा असतो. ॲक्सेस लॉगमध्ये असे किती आहेत ते आधी बघा. पतसंस्थेच्या सभासदांत जुने फोन अजून निघतात.

घाटमाथा

झालं. नवे आकडे:

नेम-लुकअप ०.०११
कनेक्ट ०.२३१
ॲप-कनेक्ट ०.४५६
स्टार्ट-ट्रान्सफर ०.७१३

फाईल छोटी होताच वेबहुक येऊ लागल्या. त्यांच्या लॉगमध्ये खरंच १४ आणि १० चीच ओळ होती. जावा ८ आहे पण पुरेसं नवं, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आतले फोन लॉगमध्ये सापडले नाहीत. ब्रॉडबँडचं म्हणाल तर होस्टिंगच्या पॅनेलमधल्या फायरवॉलने आयसीएमपी सगळं अडवलं होतं. उघडल्यावर, अडलेल्या सभासदांपैकी ज्यांना विचारलं त्यांचं पान उघडतंय.

आता अर्ली डेटा (हँडशेक संपण्याआधीच विनंती पाठवणं) चालू करून आणखी एक फेरी वाचवावी का? की सर्व्हर मुंबईत आणावा?

पॅकेटपारखी

अर्ली डेटा नको. त्यात गेलेली विनंती कुणी टिपून पुन्हा पाठवू शकतो, आणि तुमच्याकडे पैशांचे व्यवहार आहेत. वाचणार काय, तर परत येणाऱ्या सभासदाची एक फेरी.

मुंबईत आणा. आता हँडशेकमध्ये फालतू काही उरलं नाही, उरलंय ते निव्वळ अंतर: ०.७१३ मधले ०.६६० म्हणजे तीन फेऱ्याच आहेत. पुणे-मुंबई फेरी दहा मिलिसेकंदांच्या आसपास धरा. आधी हलवलं असतं तर संथपणा झाकला गेला असता आणि १४ सर्टिफिकेटं तशीच राहिली असती.

मात्र त्याआधी एक फुकटची फेरी-बचत: साधं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडे पाठवताय ना? एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू अशा दोन उड्या असतील तर प्रत्येक उडीला नवी जोडणी आणि नवा हँडशेक. पासबुकावर, पावतीवर छापला जाणारा पत्ता शेवटचाच द्या आणि एचएसटीएस (ब्राउझरने थेट एचटीटीपीएसच वापरावं अशी सूचना) लावा. त्याचा मॅक्स-एज सुरुवातीला ३०० सेकंद, सगळं सुरळीत दिसलं की मग वर्षाचा.

तारतम्य

हलवताना डीएनएसचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) आदल्या दिवशी ३०० वर आणा. लेट्स एन्क्रिप्टचं अख्खं फोल्डर आरसिंकच्या ए पर्यायाने न्या, साध्या कॉपीने नको. लाइव्हमधल्या फाईली खरं तर आर्काइव्हकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक आहेत, त्यांच्या जागी खऱ्या फाईली आल्या की पुढचं नूतनीकरण अडतं. डीएनएस वळेपर्यंत नव्या सर्व्हरवर पडताळणी होणार नाही, म्हणून जुन्या सर्टिफिकेटची तीसेक दिवस मुदत शिल्लक असतानाच हलवा. आणि मुंबईच्या पॅनेलमधली फायरवॉल पहिल्या दिवशीच उघडून बघा, तिथेही आयसीएमपी बंद असू शकतं.